इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट: तेलातल्या बेल्टची बदली, प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

गाडी: फोर्ड इकोस्पोर्ट, २०१४ ची, १.० इकोबूस्ट पेट्रोल, ५ गिअर मॅन्युअल. मीटरवर ८१,३४० किमी. वापर बहुतेक पुणे शहरातला, पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांचा. तक्रार एवढीच की सकाळी पहिल्या स्टार्टला पुलीच्या बाजूने दोन-तीन सेकंद खरखर येते आणि मग थांबते. ऑइलचा दिवा कधी लागलेला नाही. ओढ चांगली आहे.

ठरलेलं काम: टायमिंग बेल्ट (क्रँकच्या फिरण्यावर व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा), ऑइल पंपाचा बेल्ट, चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी आणि कूलंटचे सगळे होज.

आधी इंजिनाची कुंडली. ९९९ सीसी, ३ सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह, बोअर ७१.९ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, कॉम्प्रेशन १०:१. ताकद ६,००० आरपीएमला १२५ पीएस. टॉर्क १७० न्यूटन-मीटर, तोही १,४०० पासून ४,५०० आरपीएमपर्यंत सपाट. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, जास्तीत जास्त १५० बार दाबाने. टर्बो मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत जातो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमशाफ्टचं टायमिंग बदलतं (यालाच व्हीव्हीटी म्हणतात), आणि ते बदलतं ऑइलच्या दाबावर. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला, त्याच्या भोवती कूलंट. बॅलन्स शाफ्ट नाही. तीन सिलिंडरचा थरथराट मारायला फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल बनवली आहेत. बेल्ट बसवताना हा मुद्दा परत येईल.

२०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं या इंजिनाला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' मिळालं. भारतात ते २०१३ मध्ये इकोस्पोर्टबरोबर आलं. १,२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन आणि ४ मीटरच्या आतली गाडी, त्यामुळे छोट्या गाडीच्या करात बसलं. चालवायला ते अजूनही मजेदार आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या दोन द्रवांबद्दल, ऑइल आणि कूलंट. या दोन्हींना इथे पार्टचा दर्जा आहे, आणि बाजारात त्यांना कोणी तो देत नाही.

९ नोव्हेंबर

रात्रभर थंड ठेवून सकाळी तपासणी.

डिपस्टिकवर लेव्हल बरोबर, पण ऑइलला पेट्रोलचा वास. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत हे होणारच. इंजिन थंड असताना मिश्रण जाड असतं, थेट इंजेक्शनचं काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांखाली उतरतं, आणि ऑइल नीट तापलं नाही तर ते उडून जात नाही. पंपावर आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे ते उडायला सुद्धा ऑइल बराच वेळ गरम राहायला हवं. पाच किलोमीटरमध्ये कूलंटचा काटा मध्यावर येतो, ऑइल येत नाही. ऑइल कायम कूलंटच्या मागे असतं.

ऑइल काढलं. जुन्या बिलांवर एका वर्षी ५डब्ल्यू-३०, दुसऱ्या वर्षी १५डब्ल्यू-४०, आणि शेवटची तीन वर्षं नुसतं 'सिंथेटिक'. इंजिनाला हवं ते ५डब्ल्यू-२०, आणि फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या मानकाचं. इथे ग्रेडपेक्षा मानक मोठं. 'आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइल टाका' हा सल्ला सुक्या बेल्टच्या किंवा चेनच्या इंजिनात कदाचित चालून जाईल. इथे टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो. त्याचं रबर एका विशिष्ट रसायनाच्या ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकेल असं तपासून घेतलेलं असतं. दुसऱ्या ऑइलमधले अ‍ॅडिटिव्ह त्या रबराला काय करतील याची हमी कोणी दिलेली नाही. त्यात पेट्रोल मिसळलं की रबर फुगतं, मऊ पडतं, मग कडा झिजायला लागतात.

ऑइल फिल्टर कटरने उघडला. कागदाच्या घड्या बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर दाबल्या. काळे, चुरगळणारे कण निघाले. चुंबकाला चिकटत नाहीत, नखाने दाबले की रबरासारखे दबतात. कार्बन असता तर पूड झाली असती. इथेच निकाल लागला. बेल्ट उघडण्याची वाट पाहायची गरज नव्हती.

कोणी जुनी इकोबूस्ट घेत असेल तर हीच तपासणी आधी करावी. फिल्टर तसाही बदलायचाच असतो, आणि तो कापायला दहा मिनिटं लागतात. मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

११ नोव्हेंबर

ताजं, योग्य ऑइल तात्पुरतं भरून मोजमाप.

स्कॅनरवर कोड नाही. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर ९५ किलोपास्कल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्या हिशेबाने हे बरोबर. इथे १०१ दिसलं तर सेन्सरवर संशय घ्यावा. मिसफायरचे आकडे तिन्ही सिलिंडरना शून्य. प्लग काढले: गॅप ०.७ मिमी हवा, तिघांचा ०.८ च्या वर गेलेला. प्लग बदलणार. टर्बो इंजिनात गॅप वाढला की जास्त बूस्टला (टर्बोने दाबून भरलेल्या हवेला) ठिणगी विझते आणि कॉइलवर ताण येतो.

कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखं, फरक ५ टक्क्यांच्या आत.

ऑइलचा दाब यांत्रिक गेज लावून पाहिला. गरम इंजिन, आयडलला ०.९ बार, २,००० आरपीएमला १.६ बार. डॅशबोर्डवर दिवा नाही, आणि लागणारही नाही, कारण दिव्याचा स्विच यापेक्षा बऱ्याच खाली चालतो. दिवा लागतो तेव्हा बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. 'दिवा नाही म्हणजे प्रेशर आहे' हा समज या इंजिनात महागात पडतो.

सकाळच्या खरखरीचं कारणही यातच बसतं: थंड स्टार्टला व्हीव्हीटीच्या पुल्यांपर्यंत ऑइल उशिरा पोहोचतं, तोवर त्या आपल्या जागी आपटतात.

कूलंट सिस्टिमला झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारून अर्धा तास ठेवलं. दाब हळूहळू उतरला. बाटलीकडे जाणाऱ्या बारीक होजच्या जोडाशी वाळलेल्या कूलंटचा नारिंगी पट्टा आहे.

१४ नोव्हेंबर

पार्ट मागवले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, तरी सर्व्हिस आणि पार्ट सुरू आहेत. फक्त इकोबूस्टचे पार्ट डिझेल इकोस्पोर्टसारखे शेल्फवर पडलेले नसतात. यादी: टायमिंग बेल्टचं किट, ऑइल पंपाचा बेल्ट, क्रँकचा नवा बोल्ट, पुढचा ऑइल सील, चेंबर आणि कव्हरसाठी सीलंट, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, हाय प्रेशरचा पाइप (एकदा सैल केला की नवाच), ३ प्लग, ऑइल फिल्टर २, ऑइल १० लिटर, कूलंटचे सगळे होज, थर्मोस्टॅट, झाकण. आणि टायमिंग लॉकचं टूल किट. हे किट हाती नसेल तर काम हातात घेऊच नये.

ऑइल पंपाचा बेल्ट बहुतेक ठिकाणी यादीत नसतो, म्हणून थोडं सविस्तर. या इंजिनात ऑइल पंपसुद्धा बेल्टवर फिरतो, तोही ऑइलमध्येच. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत साधारण १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या, त्या याच बेल्टच्या टेन्शनरसाठी: २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट. त्या अमेरिकी इकोस्पोर्ट चेन्नईत बनलेल्या होत्या. टेन्शनर तुटला किंवा बेल्टचे दात गेले की ऑइलचा दाब जातो, इंजिन जाम होऊ शकतं आणि ब्रेकची पॉवर मदतही जाऊ शकते. २०१४ ची ही गाडी त्या यादीत नाही. पण काम तेच आहे, वय जास्त आहे, आणि वरचा बेल्ट झिजला असेल तर खालचा त्याच ऑइलमध्ये तितकीच वर्षं होता.

पुढे फोर्डने याच इंजिनाच्या नव्या आवृत्तीत कॅमशाफ्टसाठी चेन घेतली. मूळ निर्णयाचं यापेक्षा प्रामाणिक परीक्षण दुसरं नसेल.

२२ नोव्हेंबर

उघडायला सुरुवात. बॅटरी सोडली. पेट्रोलचा दाब उतरवून मगच हाय प्रेशर पाइप सैल केला. गरम इंजिनावर हे कधीही करू नये. उजवं चाक, मडगार्डचं लायनर, फॅन बेल्ट, पुढचं माउंटिंग. माउंटिंग सुटतं म्हणून इंजिनाला वरून आडव्या दांड्याचा आधार आणि खाली जॅकवर लाकडी ठोकळा. चेंबरला नुसता जॅक लावला तर पत्रा दबून आतल्या जाळीला टेकतो.

व्हॉल्व्ह कव्हर काढताच बेल्टचा वरचा भाग दिसला. पाठीवर आडव्या बारीक भेगा, एका कडेला दोरे निघालेले. दात मात्र सगळे शाबूत. म्हणजे तुटायच्या बेतात नव्हता, पण चुरा सोडत होता, आणि या इंजिनात चुरा हाच आधीचा मारेकरी आहे. युरोपमध्ये या बेल्टचं आयुष्य १० वर्षं किंवा २,४०,००० किमी सांगितलं गेलं. किलोमीटरने ही गाडी एक तृतीयांशावर आहे आणि वर्षांनी मर्यादा ओलांडून गेलेली. भारतातल्या शहरी गाडीसाठी किलोमीटरचा आकडा विसरून जावा आणि वर्षं मोजावीत. आमच्या मते सातव्या-आठव्या वर्षी उघडावंच. ऑइलचा इतिहास ठाऊक नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या.

क्रँकचा बोल्ट सोडण्याआधी फ्लायव्हील लॉक लावला. टायमिंगची पिन ही जागा दाखवायला असते, ताकद झेलायला नाही. पिनच्या आधारावर बोल्ट सोडायला गेल्यास पिन वाकते, वाईट नशीब असेल तर ब्लॉकला चीर जाते.

दुसरी गोष्ट: क्रँकवर पुलीला चावी (पुली फिरून सरकू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) नाही. बोल्टच्या दाबाने सगळं जागेवर धरलेलं असतं. बोल्ट सैल झाला त्या क्षणी टायमिंग गेलं असं समजायचं. 'खुणा मारून ठेवू, तशाच जुळवू' ही पद्धत इथे चालत नाही.

पुढचं कव्हर सीलंटने पक्कं बसलेलं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत, ते पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी खोचले.

२३ नोव्हेंबर

चेंबर उतरवला. तळाशी काळा गाळ आणि रबराचे धागे. पिकअपची (पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या नळीची) जाळी साधारण निम्मी बंद. ०.९ बारचं उत्तर हेच. पंप धडधाकट होता, त्याला ओढायला वाटच नव्हती.

क्रम नीट समजून घ्यावा, कारण 'इकोबूस्टचं इंजिन गेलं' म्हणून ज्या गोष्टी ऐकायला येतात त्यातल्या पुष्कळ याच वाटेने जातात. चुकीचं ऑइल किंवा पेट्रोलमिश्रित ऑइल, बेल्टची कड झिजते, चुरा चेंबरमध्ये, जाळी बुजते, दाब घटतो. मग सर्वात आधी टर्बोचं बेअरिंग ओरडतं, कारण ते सर्वात वेगाने फिरतं आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं. कोणीतरी टर्बो बदलून देतो. जाळी तशीच राहते. नवा टर्बोही काही महिन्यांत जातो, आणि त्याच्या मागोमाग क्रँकचं बेअरिंग. दोन टर्बो गेलेल्या गाडीचा चेंबर एकदाही उतरवलेला नसतो.

या गाडीचा टर्बो: शाफ्टला आडवा किंचित खेळ आहे, तो असायलाच हवा. पुढे-मागे खेळ हाताला जाणवत नाही, पाती घासलेली नाहीत. ठेवला.

ऑइल पंपाचा बेल्ट कडक झालेला, दातांच्या मुळाशी चमक. बदलला. पिकअप नवा मिळाला नाही, म्हणून जुना केरोसीनमध्ये भिजवून उलट दिशेने हवा मारून साफ केला आणि उजेडासमोर धरून एकेक छिद्र पाहिलं. व्हीव्हीटीच्या सोलेनॉइडच्या बारीक जाळ्यांतही चुरा होता. त्या विसरल्या असत्या तर नव्या बेल्टवरही खरखर राहिली असती.

इंजिन फ्लश वापरलेला नाही आणि वापरणार नाही. ते विद्रावक गाळाबरोबर बेल्टच्या रबरावरही काम करतं.

२५ नोव्हेंबर

इनटेक मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह पाहिले. देठावर कार्बनचा मऊ थर, दोन-तीन मिमी. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. टाकीत टाकायचं कोणतंही क्लीनर तिथवर पोहोचत नाही. व्हॉल्व्ह बंद असलेल्या सिलिंडरपासून सुरुवात करून अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारून साफ केले. निकड नव्हती, मॅनिफोल्ड होज बदलायला काढलाच होता म्हणून केलं.

२९ नोव्हेंबर

बसवणी. सगळे पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, लोखंडी ब्लेड अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे काढतं. कॅमशाफ्ट टूलने लॉक, क्रँक पिनवर, नवे बेल्ट. नवा बोल्ट, फ्लायव्हील लॉकवर, मॅन्युअलप्रमाणे आधी टॉर्क आणि मग अंश. एकट्याच्या हाताचं काम नाही. लांब टोमी आणि अंश मोजणारी चकती दोन्ही लागतात. जुना बोल्ट पुन्हा वापरू नये, तो एकदाच ताणला जाण्यासाठी बनवलेला आहे.

पुली बसवताना तिची दिशा टूलने पकडली. पुली मुद्दाम असमतोल आहे. ती काही अंश सरकून बसली तर टायमिंग अचूक असूनही इंजिन आयडलला थरथरतं, आणि मग लोक माउंटिंग बदलत बसतात.

सगळी लॉक काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, पिन परत घातली, कॅमचं टूल परत लावलं. सहज बसलं. ते जोर लावून बसवावं लागलं तर परत सगळं सैल करायचं, पर्याय नाही.

सीलंटची रेघ ३ मिमी, जास्त नाही. आतल्या बाजूला ओघळलेलं सीलंट पुढे तुटून जाळीतच जाऊन बसतं.

३० नोव्हेंबर

ऑइल फिल्टरसह ४.१ लिटर. इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टरवर इंजिन फिरवलं, गेजवर दाब आल्यावरच इंजेक्टर जोडले. आयडल गुळगुळीत. गरम इंजिनावर आयडलला १.४ बार, २,००० ला २.३.

कूलंट भरताना हवा काढण्यात वेळ गेला. हे काम घाईचं नाही. २०११ ते २०१३ मधल्या फोकसमध्ये याच इंजिनाचा कूलंटचा एक बारीक पाइप फुटून हेड जाण्याचे प्रकार झाले आणि ब्रिटनमध्ये तो पाइप बदलून द्यावा लागला. सिस्टिममध्ये कूलंट थोडं, त्यात एक्झॉस्टची उष्णता थेट हेडमध्ये. त्यामुळे गळती सुरू झाल्यापासून हेड वाकेपर्यंत चालकाला मिळणारा वेळ फार कमी असतो. डॅशचा काटा मध्याजवळ बराच काळ स्थिर राहतो, म्हणून घाटात जाणाऱ्या गाडीत छोटा ओबीडी वाचक (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून खरा आकडा पाहणं शहाणपणाचं. कूलंट नारिंगी, डब्ल्यूएसएस-एम९७बी४४-डी, डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको.

१३ डिसेंबर

५०० किमी झाले. ठरल्याप्रमाणे ऑइल आणि फिल्टर परत बदलले. फिल्टर कापला: थोडे काळे कण, जुन्या गाळातले. नवे धागे नाहीत. थंड स्टार्टची खरखर गेलेली.

मालकाला चालवण्याबद्दल एकच सूचना: पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. टॉर्क १,४०० पासून येतो म्हणून मोह होतो. पण कमी आरपीएम आणि जास्त बूस्टमध्ये ऑइलचा थेंब मिसळलेलं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं, आणि त्या एका ठोक्यात पिस्टनवरची रिंगांमधली पट्टी तुटते. ऑइल एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचं असेल तर धोका कमी होतो, पण फोर्डचं मानक आधी, हा दर्जा त्याच्या जोडीला.

१० जानेवारी २०२६

८३,१०० किमी. ताम्हिणी घाटातून भरलेल्या गाडीने फेरी. कूलंट चढावर १०४ अंशांपर्यंत, उतारावर परत ९० च्या घरात. होज कोरडे. लेव्हल जागच्या जागी. आयडलचा दाब १.४ कायम.

बॉनेटच्या आत स्टिकर लावला: ५डब्ल्यू-२०, ९४८-बी, ४.१ लिटर, ६ महिने किंवा ५,००० किमी. कंपनीने १०,००० सांगितलं आहे, पण पाच किलोमीटरच्या फेऱ्यांना ते लागू होत नाही. दर बदलीला फिल्टर कापून पाहणे. चेंबरची जाळी २०२९ मध्ये.